चाचांचं बर्फाचं जहाज

जव्हारला चाचांच्या घरी खोली भाड्याने घेतली तेव्हा त्यांनी अनामत म्हणून माझी काडेपेटी ठेवून घेतली. भाड्याचं नंतर बघू म्हणाले, काडेपेटी मात्र आत्ताच्या आत्ता. दाराच्या आत डाव्या हाताला खिळ्यावर एक पत्र्याचा डबा टांगलेला होता. आल्यागेल्याने आपली काडेपेटी त्यात टाकायची आणि मगच पुढे यायचं, असा त्या घरचा कायदा. पोस्टमन टाकायचा, वखारवाला टाकायचा, मौलवीसाहेब आले तर तेही हसत हसत खिसे चाचपून दाखवायचे. मी म्हटलं, "अहो, मी शाळेत मराठी शिकवते, विड्या ओढत नाही." चाचा म्हणाले, "स्टोव्ह पेटवता ना, बाई? मग पिशवी दाखवा."

"मग स्टोव्ह पेटवू कशानं?"

"मला हाक मारा. काडी मी ओढीन, मी विझवीन. तुम्ही फक्त दुधाकडे बघा."

त्यांची बायको, म्हणजे आमच्या चाची, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "बाई, ह्यांचं ऐकू नका. माझी पेटी तांदळाच्या डब्यात असते. लागेल तेव्हा घ्या!" हे चाचांना ऐकू गेलं नसेल असं शक्यच नव्हतं. पण आपल्याच घरच्या तांदळाची झडती घेणं त्यांच्या इभ्रतीत बसत नसावं. त्यांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली आणि मी त्या घरात राहायला गेले.

ही सत्तरच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांची गोष्ट. चाचांचं घराणं पत्र्याच्या कारागिरांचं. डबे, बादल्या, नरसाळी, पन्हाळी, जव्हारात पत्र्याचं जे काही वाजे ते त्यांच्या भावाच्या दुकानातून आलेलं असे. चाचा मात्र तरुणपणी मुंबईला पळाले, गोदीत फिटरचं काम शिकले, साध्या जहाजांवर चढले आणि शेवटी एका परदेशी कंपनीच्या गॅसच्या जहाजावर, जिथे चढतानाच काडेपेटी काढून घेतात, जाऊन पोचले. वर्षातले काही महिने ते समुद्रावर असत आणि काही महिने जव्हारला, भावाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना जहाज समजावून सांगत. बादली घ्यायला आलेला माणूस बादली विसरून जाई.

"बाई, जमिनीतून गॅस निघतो," ते मला सांगायचे, आणि सांगताना बसल्या जागी त्यांना बसवत नसे. उठून उभे राहायचे, लुंगी सावरायचे. "आखातात एक बेट आहे. तिथं तो गॅस गारठवतात. किती? बर्फ त्याच्यापुढे गरम म्हणा! उणे एकशे साठ! मग त्याचं पाणी होतं. सहाशे घागरी गॅस, एका घागरीत! ते पाणी भरायचं टाकीत आणि चालले जपानला. डेकवर नुसते घुमट, बाई, घुमट! आपल्या राजवाड्याला लाज वाटेल."

"म्हणजे द्रवीभूत नैसर्गिक वायू," मी माझं मराठी पाजळलं.

"द्रवी... काय? भूत कशाला आणता त्यात? आधीच लोक घाबरतात!"

आणि सिलिंडरमधला गॅस वेगळा, हे तर ते रोज सांगत. तो दाबलेला, हा गारठवलेला. तो चिडलेला, हा झोपलेला. झोपलेल्याला हळू हाताळायचं. त्या जहाजावर टाकी भरण्याआधी ती अगदी सावकाश गार करत आणायची असते, एकदम थंड माल ओतला तर धातूच तडकतो. डेकच्या साध्या पोलादावर मालाचे चार थेंब सांडले आणि पोलाद पापडासारखं तडकलं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून चाचा कपात चहा ओतण्याआधी कप कोमट पाण्याने विसळून घेत. घरात कुणी तापलं की म्हणत, "आधी टाकी गार." शाळेतून मी हेडमास्तरांवर चिडून आले, की चाची पाणी देत आणि चाचा माडीवरून ओरडत, "बाई, आधी टाकी गार! मग बोला!" राग तिथेच अर्धा होई, कारण हसू येई.

पण त्यांचा सगळ्यात लाडका भाग पुढचा. तो सांगायच्या आधी ते थांबायचे, सगळ्यांची तोंडं बघून घ्यायचे.

"माल कितीही जपा, थोडा उडतोच. टाकीच्या बाहेर ऊन आहे, समुद्र आहे, आत थोडी ऊब शिरतेच. माल आतल्या आत उकळतो, त्याचा पुन्हा गॅस होतो. आता तो गॅस सोडून द्यायचा? वाया घालवायचा? नाही! तो नेतात खाली, बॉयलरमध्ये. त्याच्यावर जहाज चालतं. जहाज आपलाच माल खात खात जातं, बाई, आणि तरी पोचतं!"

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, खोटं कशाला सांगू. पण गावाला त्याचं काय! आमच्याकडे 'गॅस' म्हणजे गॅसबत्ती. वरातीत डोक्यावर गॅस घेऊन चालणारा तो गॅसवाला. चाचा इतकी वर्षं सांगत होते की मी गॅसच्या जहाजावर आहे, आणि अर्धं जव्हार प्रामाणिकपणे समजत होतं की जपानात लग्नं फार होतात आणि चाचा तिकडे जहाजभर गॅसबत्त्या पोचवतात. बाकीचं अर्धं त्यांना थापाडे समजत होतं. चाचांना पहिल्या अर्ध्याचा जास्त राग यायचा.

हे सगळं गमतीत चाललं होतं, ते जमिलाचं लग्न निघेपर्यंत. जमिला ही चाचांची एकुलती एक मुलगी. शिवणकाम करायची, कमी बोलायची, आणि वडिलांची गाडी जहाजावर घसरली की मान खाली घालून मशीन जोरात चालवायची. मला वाटायचं, पोरीला लाज वाटते. मोखाड्याच्या एका दुकानदार शेठच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा जमिलाला पसंत होता. तिने मला तसं सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात तिने माझ्या पोलक्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या, त्यावरून मी ओळखलं.

शेठ बघायला आले त्या दिवशी मी तिथेच होते. मोठे सरळ गृहस्थ. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "आपण काय करता?"

"मी गॅसच्या जहाजावर असतो."

"अच्छा, वरातीत गॅस असतो आपला."

चाचींनी पदर तोंडाला लावला. चाचा उठले, लुंगी सावरली, आणि मला कळलं, आता काही खरं नाही. बेट, गारठा, सहाशे घागरी, घुमट, माल खाणारं जहाज, सगळं एका दमात सांगून झालं. शेठ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "हे बघा, तुम्ही गॅसवाले असाल तर तसं सांगा. मेहनतीच्या कामात कमीपणा नाही. मी स्वतः डोक्यावर गाठोडी वाहिलीत. पण वाऱ्याचं पाणी करून जहाजात भरतात आणि जहाज ते खातं, असं मला ऐकवू नका. गरिबाच्या घरची पोर मी आनंदानं करीन. थापा मारणाऱ्याच्या घरची करायला माझं मन घेत नाही."

शिवणयंत्राचा आवाज आत बंद पडला होता. मी चाचांकडे बघितलं. माणूस इतका पांढरा पडलेला मी तोवर बघितला नव्हता.

"ठीक आहे," चाचा म्हणाले. "मंगनी तुमच्याच घरी करायची म्हणता ना?" शेठच्या म्हाताऱ्या आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यांना नातसून डोळ्यांनी बघायची होती, म्हणून कार्यक्रम मोखाड्याला असं आधी बोलणं झालं होतं. "मे महिन्यात करा. भर उन्हाचं करा. मी नाशकाहून बर्फ आणतो, माझ्या हातच्या टाकीतून, जहाजावर असते तशी टाकी. सगळ्या पाहुण्यांना बर्फाचं सरबत पाजतो. बर्फ आला तर मी खरा."

"आणि नाही आला तर?"

"तर पोरीचा हात मागू नका."

चाची आतून जवळजवळ किंचाळल्याच. पण शब्द गेला होता. शेठनी मान डोलावली आणि चपला घातल्या.

मग काय विचारता! भावाचं दुकान महिनाभर बंदच पडल्यासारखं होतं. पत्र्याच्या आत पत्रा, मध्ये भाताचा तूस ठासून भरलेला, खाली तोटी, वर एक बारीक नळी. "टाकीला श्वास घेता आला पाहिजे," असं ते त्या नळीबद्दल सांगत. पहिली टाकी इतकी घट्ट झाली की ती पुन्हा उघडेचना, कापावी लागली. दुसरी ठोकताना अंगठा फुटला. गाव बघायला यायचं आणि चाचा ठोकता ठोकता व्याख्यान द्यायचे. चाची माझ्यापाशी येऊन रडायच्या, "ह्यांच्या टाकीपायी माझी पोर बसणार घरात."  जमिला बापाच्या अंगठ्याला चिंधी बांधून देत होती, एवढंच.

माझं माहेर नाशिकचं. मे महिन्याच्या सुटीत मी तिथेच होते, म्हणून बर्फाच्या कारखान्याचं काम माझ्याकडे आलं. मंगनीच्या सकाळी चाचा भाड्याची जीप घेऊन हजर. बरोबर ड्रायव्हर बाळू, मागे टाकी, तिला गोणपाटं गुंडाळलेली. आदल्या दिवशीच नाशकात येऊन त्यांनी टाकीत थोडा बर्फ टाकून तिला गार करत आणलं होतं. लाद्या फोडून आत भरल्या, झाकण बसवलं, आणि मग चाचांनी चक्क स्वतः स्टोव्ह पेटवून झाकणाला चौफेर कथलाचा डाग देऊन ते पक्कं बंद केलं. मी म्हटलं, "अहो, वाटेत बघायचं झालं तर?"

"म्हणूनच. बघितलं की थंडी गेली. आणि बाई, माझाच मला भरवसा नाही. मीच उघडीन."

त्र्यंबक मागे पडलं तोवर चाचा गात होते. तोरंगणचा घाट लागला, आणि जीपच्या नाकातून वाफ निघाली. बाळूने टोपण उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "चाचा, रेडिएटर गळतोय. पाणी ठरतच नाही."

साबण लावून झाला, चिंधी कोंबून झाली, थेंब काही थांबेना. होतं ते पिण्याचं पाणी ओतलं, तेही वळणभर पुरलं. वर ऊन, खाली तापलेलं डांबर, आणि आसपास पाण्याचा टिपूस नाही. तेवढ्यात एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढत आल्या. बाळू पुढे झाला. बाई थांबल्या, हंड्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "घ्या ना पानी. मी जाईन परत."

"कुठून आणलंस, माय?" चाचांनी विचारलं.

"खालच्या झऱ्यावरनं. तो बघा, त्या सागांच्या पल्याड."

सागांच्या पल्याड काही दिसतच नव्हतं, इतकं ते लांब होतं. चाचा बाळूवर ओरडले, "हात लावू नकोस तिच्या हंड्याला!" मग वळले, टाकीची तोटी सोडली, आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी तांब्यात घेऊन त्या बाईंना दिलं. त्यांनी घोट घेतला आणि गाल धरून हसायलाच लागल्या. "या बाय! येवढा गार पानी कठचा? दात शिवशिवलं माझं!"

चाचा तांब्याकडे बघत उभे राहिले. मग टाकीकडे. मग जीपकडे. आणि एकदम दोन्ही हात वर करून ओरडले, "अरे, जहाज! बाळू, हे जहाज आहे! माल उडतोय आणि आपण उभे कशाला?"

तोटीतलं सगळं पाणी रेडिएटरमध्ये गेलं. जीप चालली. पण ते कितीसं असणार, दोन वळणं झाली आणि पुन्हा वाफ. वितळायला वेळ लागतो आणि वेळ तर नव्हता. तेव्हा चाचांनी जे केलं ते मला जन्मभर विसरायचं नाही. त्यांनी जीपखाली डबा धरला. गळणारं उकळतं पाणी त्यात जमा केलं आणि ते टाकीच्या वरच्या नळीतून आत ओतलं. आतून बर्फ तडतडल्याचा आवाज आला. खालची तोटी सोडली, तर एका तांब्याचे दोन तांबे, गारेगार! ते रेडिएटरला. पुन्हा गळेल ते डब्यात, डब्यातलं टाकीत, टाकीतलं रेडिएटरला. बाळू हसतोय, चाचा नाचतायत, मीही पदर खोचून डबा धरलेला. घाटात आम्ही तिघे वेड्यासारखे ओरडत होतो.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक तांब्यागणिक आत तडतड होत होती. "चाचा, थांबा! बर्फ चाललाय सगळा! जमिलाचं काय?"

चाचांचे हात थांबले. त्यांनी टाकीवर तळवा ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. घाम पुसला. आणि अगदी हळू म्हणाले, "बाई, जहाज उभं राहिलं तर सगळाच माल उडतो. चाललं तर उरेल तेवढा पोचतो." असं म्हणून त्यांनी पुढचा डबा ओतला. मी डबा धरत राहिले.

मोखाड्याला पोचलो तोवर ऊन कलायला लागलं होतं. शेठच्या अंगणात मांडव, चटया, पाहुणे, आणि दारापाशी चाची. आमची तोंडं बघूनच त्या मटकन खाली बसल्या. टाकी उतरवली. हलकी लागत होती, हे उचलणाऱ्यांना कळलं आणि मला त्यांच्या तोंडावरून कळलं. चाचांनी कात्री घेतली आणि झाकण कापायला लागले. पत्रा कुरकुरत होता आणि अंगणात दुसरा आवाज नव्हता.

झाकण उचललं. तळाशी एक गोळा होता. मध्यम कलिंगडाएवढा.

"सकाळी भरलेली होती टाकी," चाचा म्हणाले. "बाकीचा बर्फ जीपनं खाल्ला."

अंगण असं हसलं म्हणून सांगू! कुणी मांड्या थोपटल्या, कुणी डोळे पुसले. इतकी वर्षं चाचांनी जेवढं म्हणून सांगितलं होतं, त्यात याच्याइतकं थापेसारखं वाटणारं वाक्य एकही नव्हतं, आणि ते सर्वांत खरं होतं. मी पुढे होऊन सांगायला लागले, बाळूही बोलायला लागला, पण आमचं कोण ऐकतंय.

शेठ हसले नव्हते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, गोळ्याचा एक कपचा तोडला, जिभेवर ठेवला आणि तो विरघळेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "जीपनं कसा खाल्ला ते सांगा. मला समजून घ्यायचंय."

चाचांनी तोंड उघडलं. आणि काही नाही. आयुष्यभर न विचारता सांगत आलेला माणूस, पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, आणि त्यांच्या गळ्यातून शब्द फुटेना. 

"मी सांगते."

आतल्या दाराच्या पडद्याआडून आवाज आला. मंगनीच्या दिवशी नवरी मुलगी मोठ्यांसमोर 'हो'सुद्धा पुटपुटून म्हणते, आणि ही पडदा सारून उंबऱ्यात उभी! जमिला. तिने सांगायला सुरुवात केली. बेट, गारठा, टाकीत शिरणारी ऊब, उडणारा माल, तो खाणारा बॉयलर. चाचांसारखी हातवारे करत नव्हती, पण शब्द न् शब्द नीट जागेवर. शिवणयंत्र जोरात चालवत ती सगळं ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं, आणि चाचांनाही तेव्हाच कळलं असावं. "जहाज माल खाऊनच पोचतं," ती म्हणाली. "आमचे अब्बा तसेच पोचलेत. ते खोटं बोलत नाहीत."

शेठ विचार करत होते. दुकानदार माणूस, हिशेब पुरा झाल्याशिवाय सोडणार नाही. "बरं," ते म्हणाले, "जाताना माल खातं. पण माल उतरवल्यावर परत येताना काय खातं?"

दोन वर्षं त्या घरात राहून मला हा प्रश्न सुचला नव्हता.

"सगळा उतरवत नाहीत," जमिला म्हणाली. "तळाशी थोडा ठेवतात, विरजण ठेवतो ना आपण, तसा. नाहीतर टाकी तापते, पुढच्या खेपेला माल घेत नाही."

"किती ठेवतात?"

जमिलाने एकदा वडिलांकडे बघितलं. "घरी परत पोचण्यापुरता."

 शेठ खाली बसले, गोळा फोडला. पहिला तुकडा वाटीत घालून आत आईकडे पाठवला, मग पाहुण्यांना एकेक कपचा वाटला. सरबत राहिलंच, लोक तसाच बर्फ चोखत बसले. शेवटी हातात मुठीएवढा तुकडा उरला. तो शेठनी टाकीत परत ठेवला, वर कापलेलं झाकण सारखं करून बसवलं आणि म्हणाले, "व्याही, हा तुमच्या परतीला."

चाचा टाकीवर दोन्ही हात ठेवून लहान मुलासारखे रडायला लागले, आणि शेठ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "अहो व्याही, अहो व्याही" म्हणत राहिले.